घरपट्टीतला कल्पित भाडेकरू

नाशिकमधल्या प्रत्येक घरात कायद्याने एक भाडेकरू बसवून ठेवला आहे. घर मालकाच्या स्वतःच्या राहण्याचं असो, भद्रकालीतला जुना वाडा असो, नाहीतर पाथर्डी फाट्याजवळचा कालपरवा ताबा मिळालेला फ्लॅट असो, हा भाडेकरू असतोच. तो अनामत देत नाही, भाडं देत नाही, त्याला कोणी पाहिलेलंही नाही. पण तो किती भाडं देऊ शकला असता, यावर खऱ्या मालकाची घरपट्टी ठरते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची 'ड'मध्ये कर आकारणीचे नियम आहेत. त्यातला सातवा नियम असा : मिळकत वर्षाच्या कराराने भाड्याने दिली, तर वाजवीपणे जे भाडं येईल ते धरा, त्यातून दुरुस्ती आणि इतर सगळ्या कारणांपोटी मिळून 10 टक्के वजा करा, उरलं ते करयोग्य मूल्य. बिलावर पुढे जी रांग दिसते, म्हणजे सामान्य कर, शिक्षण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर वगैरे, ती जवळपास सगळी ह्या एका आकड्याच्या टक्केवारीने चालते. म्हणून हा आकडा वर सरकला, की सगळी रांग त्याच्यामागून वर जाते.

ही कल्पना काही आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये 1601च्या गरीब-साहाय्य कायद्यापासून गावातल्या मिळकतींवर पट्टी बसवायची पद्धत रुळली आणि मिळकतीची ऐपत मोजायला भाड्याइतकं सोपं माप तेव्हा दुसरं नव्हतं. तेच माप मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्यात आलं आणि तिथून 1949च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यात. आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात तो हाच. 1982 साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची गावं मिळून नाशिक महापालिका झाली, तेव्हा हा कल्पित भाडेकरू तिच्या वाट्याला आला.

घरपट्टीवर चहाच्या टपरीवर होणारे वाद ऐकावेत, तर बहुतेकांच्या बोलण्यात 'कर वाढवला' एवढंच असतं. खरं तर वाढ दोन वाटांनी होते, आणि त्या दोन वाटांचे मुखत्यार वेगळे आहेत. करयोग्य मूल्यावर किती टक्के कर घ्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार महासभेचा. अधिनियमाच्या कलम 99प्रमाणे स्थायी समितीच्या प्रस्तावावर विचार करून महासभेने 20 फेब्रुवारीपर्यंत पुढच्या वर्षाचे दर ठरवायचे असतात. पण मूल्य काढण्याचं काम आयुक्तांच्या यंत्रणेचं. एकाच बिलातला एक आकडा निवडून आलेल्यांचा आणि दुसरा नेमून आलेल्याचा. पहिला बदलायचा तर सभागृहात हात वर करावे लागतात, वर्तमानपत्रात नावं येतात. दुसरा बदलायला कार्यालयीन आदेश पुरतो. नाशिकमध्ये 2018 साली जो गदारोळ झाला, तो नेमका ह्या दोन आकड्यांच्या सांध्यावर झाला.

त्याआधी पैशाची बाजू पाहायला हवी. महापालिकांचं खरं दुभतं जनावर होतं जकात. नाशिकमध्ये 22 मे 2013 पासून जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, ऑगस्ट 2015 मध्ये तोही बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता उठला आणि जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला. महापालिकेच्या हातात राहिलं ते राज्याकडून येणारं भरपाईचं अनुदान आणि स्वतःची म्हणावी अशी घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क. घरपट्टीकडे मात्र वर्षानुवर्षं कोणी धडपणे पाहिलेलं नव्हतं. भाडेमूल्याचे दर जुने, हजारो मिळकतींची नोंदच नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर करवाढ मांडायची छाती कुठल्याच पक्षाला नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये महासभेने करांच्या दरात 18 टक्के वाढीला मान्यता दिली. ही झाली पहिली वाट. त्याच सुमारास तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले आणि 31 मार्च 2018च्या आदेशाने त्यांनी दुसरी वाट धरली : 1 एप्रिलपासून आकारणीला येणाऱ्या नव्या इमारतींसाठी आणि मोकळ्या जमिनींसाठी भाडेमूल्याचे दर कितीतरी पटींनी वाढवले. महासभेने 18 टक्क्यांवर घासाघीस केली होती. ह्या आदेशाने ती घासाघीस किरकोळ ठरली.

शहरात सगळ्यात आधी पेटली ती गावठाणाबाहेरची गावं. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावसारखी गावं महापालिकेच्या हद्दीत आहेत, पण तिथे अजून द्राक्षबागा उभ्या आहेत. मोकळ्या जमिनीवर चौरस फुटाला काही पैसे कर, हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. एकरात 43,560 चौरस फूट असतात हे ज्याला पाठ आहे, त्याला ते क्षुल्लक वाटत नाही. बैठका झाल्या, मोर्चे निघाले. नगरसेवकांचं म्हणणं होतं, की महासभेला न विचारता करवाढ झाली. आयुक्तांचं म्हणणं होतं, की हा कराचा दर नव्हे, हे मूल्यांकन आहे आणि ते माझ्या अधिकारात येतं. महासभेने वाढ फेटाळली. आयुक्तांनी तो ठराव मानला नाही. ऑगस्टअखेरीला सत्ताधारी भाजपनेच अविश्वास ठराव आणला. आयुक्तांनी वाढ बरीच खाली आणली, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मध्यस्थी केली आणि 1 सप्टेंबरला ठरलेली सभा झालीच नाही. नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली.

त्या वर्षीच्या बातम्या आज वाचल्या, तर सगळं नाट्य एका माणसाच्या स्वभावाभोवती फिरताना दिसतं. मला त्यात फारसा रस वाटत नाही. कायद्याच्या अक्षराकडे पाहिलं तर मूल्यांकन आयुक्तांचं, हे म्हणणं चुकीचं नव्हतं. पण सबंध शहरातल्या नव्या बांधकामांचा तक्ता एका आदेशाने काही पट वर नेणं आणि एका बंगल्याचं मूल्य ठरवणं, ह्या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिली धोरण आहे. धोरणाला सभागृह लागतं, आणि कायद्यात त्यासाठी जागाच ठेवलेली नाही. मार्च 2022 मध्ये लोकनियुक्त मंडळाची मुदत संपल्यावर दीर्घ काळ प्रशासकाकडेच महासभेचेही अधिकार होते. तेव्हा तर दोन्ही आकडे एकाच टेबलावर आले.

पण माझ्या मते मोठी गोम वाढीच्या आकड्यात नाहीच. ती आहे 'नव्या इमारतींसाठी' ह्या दोन शब्दांत. एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. शेजारीशेजारी दोन इमारती, दोन्हीत 60 चौरस मीटरचा एकेक फ्लॅट. जुन्या फ्लॅटला चौरस मीटरमागे महिना 6 रुपये भाडेमूल्य लागलेलं, नव्याला 20 रुपये. जुन्याचं वर्षाचं भाडं 4,320 रुपये, 10 टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 3,888. नव्याचं भाडं 14,400, मूल्य 12,960. सगळे कर मिळून 40 टक्के धरले, तर जुन्याला 1,555 रुपये आणि नव्याला 5,184. रस्ता तोच, पाणी तेच, घंटागाडीही तीच. आता महासभेने सरसकट 18 टक्के वाढ केली, तर जुन्याचे होतात 1,835 आणि नव्याचे 6,117. दोघांतली तफावत 3,629 रुपये होती ती 4,282 झाली. सरसकट म्हणून जी वाढ समान वाटते, ती आधीची विषमता आणखी ताणते.

आता तिसरा मार्ग. दोन्ही फ्लॅटना 13 रुपये लावा. प्रत्येकाचं करयोग्य मूल्य 8,424, कर 3,369 रुपये आणि 60 पैसे. दोन्ही मिळून महापालिकेला आले 6,739 रुपये आणि काही पैसे, म्हणजे पहिल्याइतकेच. तिजोरीत एक रुपयाही जास्त आला नाही. फेरमूल्यांकन आणि करवाढ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी-नवी घरं एका रेषेत आणून त्याच दमात दर कमी करता येतात. आपल्याकडे हे कोणी करत नाही, कारण ज्यांचा कर वाढेल ते मतदार आधीपासून इथे राहतात आणि ज्यांचा कमी होईल त्यांतले बरेच अजून गृहकर्जाच्या फॉर्मवर सह्या करत असतात.

नियमात तर ही सोय आहे. आकारणी पुस्तक दरवर्षी नव्याने करायला नको, जुनंच पुढे चालवता येतं. पण निदान चार वर्षांतून एकदा ते नव्याने करायचं, असं अनुसूची 'ड' सांगते. हे काटेकोर पाळलं असतं, तर मूल्य थोडंथोडं सरकत राहिलं असतं आणि 2018 सारखा एकदम धक्का बसला नसता. ते न पाळण्यामागे केवळ आळस नव्हता. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकली होती. मालकाला जे भाडं कायद्याने मागताच येत नाही, ते 'वाजवी' कसं म्हणायचं, असा प्रश्न न्यायालयांत वारंवार आला. डिसेंबर 1979 मध्ये दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच केलं, की भाडे नियंत्रण लागू असलेल्या मिळकतीचं मूल्य प्रमाणित भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात कोणी ते भाडं ठरवून घेतलेलं नसलं तरी. निकाल दिल्लीचा, पण त्याने देशभरातल्या पालिकांचे हात बांधले. वाड्यातला भाडेकरू आणि कागदावरचा भाडेकरू दोघंही जुन्याच भाड्यावर राहिले.

दुनियेत इतरत्र हा गुंता निरनिराळ्या तऱ्हांनी सोडवला किंवा वाढवला गेला आहे. कॅलिफोर्नियात 1978 साली मतदारांनी प्रपोझिशन 13 मंजूर केलं : कर मूल्याच्या 1 टक्का, मूल्य वर्षाला फार तर 2 टक्के वाढणार, आणि घर विकलं गेलं की ते बाजारभावाला येणार. परिणाम नाशिकसारखाच, शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या बिलात कित्येक पटींचं अंतर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये ते वैध ठरवलं. त्यामागचा एक विचार असा, की नवा मालक घर घेण्याआधीच किती कर येणार हे जाणून असतो. इंग्लंडमध्ये करासाठी घरांचे गट 1 एप्रिल 1991च्या किमतीवर पडले आणि तिथे आजवर पुन्हा मूल्यांकन झालेलं नाही. पण एक गंमत आहे : आज बांधलेल्या घराचंही मूल्य, ते 1991 मध्ये किती किमतीला गेलं असतं, असा अंदाज करून काढतात. माप शिळं, पण सगळ्यांना एकच. नाशिकच्या आदेशात माप ताजं होतं, फक्त ते नव्यांनाच लावलेलं.

मुंबईने भाड्याचं माप सोडून दिलं. 1 एप्रिल 2010 पासून तिथे भांडवली मूल्यावर कर आहे, म्हणजे रेडी रेकनरच्या बाजारभावाला क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय यांनी गुणत जायचं. इतर महापालिकांनाही ह्या पद्धतीवर जाण्याची मुभा कायद्यात आली आहे. नाशिकमध्येही अधूनमधून हा विषय निघतो. तिचा गुण असा, की कागदावरच्या भाडेकरूला निरोप मिळतो आणि मूल्य तक्त्याबरोबर हलू शकतं. तोटा असा, की पंचवटीत आजोबांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्या निवृत्त माणसाची जागा कागदावर कोटीची होते, पेन्शन मात्र तेवढीच राहते. मुंबईचे नियमही न्यायालयातून पूर्ण सहीसलामत सुटले नाहीत. बांधकाम चालू असलेल्या किंवा मोकळ्या जमिनीवर पुढे किती चटईक्षेत्र मिळू शकेल, ते आजच धरून कर लावणं 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं आणि 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जमीन आज जशी आहे तशीच तिची किंमत करा, उद्याची इमारत तिच्यावर आज चढवू नका, असा त्याचा मथितार्थ. मखमलाबादच्या बागायतदाराचं 2018 मधलं म्हणणं याच्याच जवळचं होतं. त्याच्या द्राक्षबागेत त्याला प्लॉट दिसत नव्हते, इतरांना दिसत होते.

पुण्याची कथा आणखी वेगळी, आणि माझ्या दृष्टीने अधिक बोधक. तिथे 1970 पासून मालक स्वतः राहत असेल तर वार्षिक भाडेमूल्यात 40 टक्के सवलत होती आणि दुरुस्तीपोटी 10ऐवजी 15 टक्के वजावट. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की याला कायद्याचा आधार काय? सवलत गेली, मागच्या वर्षांच्या फरकाची बिलं लोकांच्या हातात पडली, ओरड झाली आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 40 टक्क्यांची सवलत पुन्हा दिली. ती मिळवायला मालकाने स्वतः राहत असल्याचा पीटी-3 अर्ज भरायचा. कागदावरच्या भाडेकरूला मालकाने हटकून सांगायचं, की बाबा, इथे मीच राहतो!

आता हे मूल्य ज्याला मान्य नाही, त्याने करायचं काय? इथेच सगळ्यात मोठी अडचण आहे आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. आकारणी पुस्तक तयार झालं, की जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी निदान 15 दिवस मिळतात. ज्यांची आकारणी नवी आहे किंवा वाढली आहे त्यांना वेगळी विशेष नोटीस जायला हवी. वर्षाच्या मध्येच नोंद बदलली, तर नोटीस मिळाल्यापासून 21 दिवसांत तक्रार करायची. सुनावणी होते ती आयुक्तांच्याच यंत्रणेपुढे. इथे क्षेत्रफळ चुकलं, निवासी घराला व्यापारी दर लागला, पत्र्याच्या शेडला आरसीसी धरलं, असल्या चुका दुरुस्त होऊ शकतात, होतातही. पण 'तुमचा तक्ताच अवाजवी आहे' ही हरकत त्या टेबलावर टिकत नाही. ज्याने तक्ता काढला त्याच्याच हाताखालचा अधिकारी ती ऐकतो आहे.

पुढची पायरी कलम 406. अपील न्यायाधीशाकडे, पुण्यात लघुवाद न्यायालय, नाशिकमध्ये दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. मुदत 15 दिवस. आधी हरकत घेतलेली असली पाहिजे आणि तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. शिवाय अपील दाखल करण्याच्या तारखेपर्यंतचा वादातला कर भरलेला असला पाहिजे. बिल्डरच्या नावाने निघालेली नोटीस सोसायटीच्या टपालपेटीत पडून राहिली, तर ह्या दिवसांतले किती उरतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. न भरता थांबलं, तर थकबाकीवर महिना 2 टक्के शास्ती लागते, वर्षाला 24 टक्के. इतका दर गृहकर्जालाही नसतो. मग अभय योजनेची वाट पाहायची, असं कित्येकांचं गणित असतं, आणि खेदाची गोष्ट म्हणजे ते बऱ्याचदा बरोबर निघतं.

अपिलाच्या ह्या दारातून एक गोष्ट कधीच आत जात नाही. ज्याचं मूल्य जास्त लागलं तोच अपील करतो. 'माझं मूल्य कमी धरलं, वाढवून द्या' म्हणून नाशिकमध्ये कोणी न्यायालयात गेल्याचं ऐकिवात नाही, जगातही नसावं. त्यामुळे अपिलं मूल्य खालीच खेचतात, जुन्या-नव्यातली तफावत त्यांना दिसतही नाही. नव्या फ्लॅटचा मालक फार तर म्हणेल, की मला जास्त लावलं. शेजाऱ्याला फार कमी लावलं आहे, हे म्हणायला त्याला कायद्यात सोयीची जागा नाही आणि जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाविरुद्ध ते म्हणायची इच्छाही नाही. मोर्चा आणि अविश्वास ठराव ही त्या बंद दाराबाहेरची गर्दी होती.

म्हणून नियम बदलायचेच असतील, तर टक्केवारीच्या आधी दोन जागी हात घालावा, असं मला वाटतं. एक, तक्ता ठरवणारा आणि कर खर्च करणारा एक नसावा. इंग्लंडमध्ये घरांचं मूल्य स्थानिक कौन्सिल काढत नाही, स्वतंत्र मूल्यांकन कार्यालय काढतं, आणि तक्रार ऐकायला वेगळं, विनाशुल्क न्यायाधिकरण आहे. आपल्याकडेही तेराव्या वित्त आयोगाने राज्य पातळीवर मालमत्ता कर मंडळ असावं, असं सुचवलं होतं. तक्ता अशा मंडळाने काढावा, महासभेपुढे तो खुल्या चर्चेला यावा आणि चार वर्षांच्या नियमाने जुन्यानव्या सगळ्यांना एकाच वेळी लागावा. पहिल्या वर्षी दर इतके खाली आणावेत, की एकूण वसुली तेवढीच राहील. महापालिकेला जास्त पैसे हवे असतील, आणि सिंहस्थाच्या तोंडावर ते हवेच असतात, तर ते पुढच्या वर्षी महासभेने उघडपणे टक्केवारी वाढवून मागावेत.

दुसरी जागा अपिलाआधीच्या रकमेची. आधी पूर्ण कर भरा मग दाद मागा, ही अट अन्यायाची आहे का, हा प्रश्न जुना आहे. 1949चा कायदा मुंबई राज्याचा होता. 1960 मध्ये राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा त्याची एक प्रत महाराष्ट्राकडे राहिली, एक गुजरातकडे गेली. कलमांचे क्रमांकसुद्धा तेच. अहमदाबादच्या गिरण्यांनी कलम 406च्या अटीला आव्हान दिलं आणि 1975 मध्ये अनंत मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली : अपिलाचा हक्क कायदा देतो, तर त्याला अटही कायदा घालू शकतो. मात्र गुजरातच्या प्रतीत एक परंतुक होतं. रक्कम भरणं अपीलकर्त्याला फारच जाचक होणार असेल, तर न्यायाधीशाला त्यातली काही, 25 टक्क्यांपर्यंत, माफ करता येई. सगळी नाही, पाव भागच. पण माणूस आणि परिस्थिती पाहून ठरवायचा अधिकार न्यायाधीशाला होता. नाशिकपासून सापुताऱ्याचा घाट उतरला, की तोच कायदा एवढा सैल व्हायचा.